शरणपूरहून रबाईला : नऊ दिवसांची वही

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात. शरण आलेल्यांचं पूर ते शरणपूर, हे नावातच आहे, पण मी पंचवीस वर्षं त्याच रस्त्याने संडे स्कूलला, मग उपासनेला आणि पुढे नोकरीला गेले आणि कोण कोणाला शरण आलं होतं हे एकदाही विचारलं नाही. ते मला सांगितलं केनियाच्या एका मुलाने.

तो नाशिकला फार्मसी शिकायला आला होता आणि दर रविवारी आमच्या तरुण संघात बसायचा. एकदा उपासनेनंतर चहा पिताना त्याने विचारलं, "नासिक बॉइज म्हणायचे ती मुलं इथलीच ना?" आम्ही सगळे गप्प. मग त्यानेच सगळं सांगितलं. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं. त्या काळात हिंदी महासागरात इंग्रजांचं आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरायची आणि त्यातली पुष्कळ शरणपूरच्या आश्रमात यायची. तिथे ती अक्षरं शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. पुढे १८७५ साली मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन नावाची वस्ती उभी राहिली. ती उभी करणारे विल्यम सॉल्टर प्राइस म्हणजे शरणपूर चालवलेलेच मिशनरी. शरणपुरातले आफ्रिकन लोक मग तिकडे गेले आणि आसपासच्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चांत, शिक्षक, उपदेशक झाले. आमचा मित्र रबाईचा, म्हणजे तिथून अगदी जवळचा.

"या एकदा आमच्याकडे," तो म्हणाला. त्या वाक्यावर आम्ही दीड वर्ष तयारी केली. तिकीट ज्याचं त्याने काढायचं आणि कामाचे पैसे संघाने उभे करायचे असं ठरलं. मंडळीतल्या एका काकांनी सभेत विचारलं, "तिथे सुवार्ता सांगायला आपण कशाला जायचं?" प्रश्न रास्त होता. रबाईला १८४६ पासून मिशनचं ठाणं आहे. आमचे पाळकसाहेब म्हणाले, "सांगायला जाऊ नका. भेटायला जा, आणि ते सांगतील ते काम करा." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. तरी आम्ही ते विसरलो, ते कसं ते पुढे येईलच.

पहिला दिवस, गुरुवार

मुंबई ते नैरोबी, साधारण सहा तास. आम्ही अकरा जण: नऊ तरुण, एक निवृत्त मुख्याध्यापिका (आम्ही त्यांना बाई म्हणतो) आणि पाळकसाहेब. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ते पिवळं कार्ड परत येताना आपल्याकडे तपासतात, म्हणून बाईंनी सगळ्यांची कार्डं स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. नैरोबीला उतरलो तर घड्याळं अडीच तास मागे, आणि चक्क थंडी. हे शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. स्वेटर कोणीच आणलेला नव्हता.

दुसरा दिवस, शुक्रवार

नैरोबी ते मोंबासा रेल्वे. हा नवा रुंद मार्ग २०१७ साली सुरू झाला. जुना मार्ग इंग्रजांनी १८९६ पासून बांधला आणि त्यावर हिंदुस्थानातून आणलेले तीस हजारांहून जास्त मजूर राबले. हजारो मेले, हजारो कायमचे जायबंदी झाले. त्साव्होच्या जंगलातून गाडी जात होती, खिडकीबाहेर तांबड्या मातीत लोळून तांबडेच झालेले हत्ती दिसत होते, आणि डब्यातली पोरं फोटो काढायला या खिडकीतून त्या खिडकीत पळत होती. मी बाईंना त्या मजुरांचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. पुढचं स्टेशन येईपर्यंत त्या तशाच होत्या.

मोंबासाच्या स्टेशनवर मित्राचे काका मतातू घेऊन आले होते. मतातू म्हणजे आपली वडाप, तीच दाटी आणि तोच आवाज. मझेरासवरून वळलो आणि टेकड्या सुरू झाल्या. नारळ, आंबा, काजू. आमच्यातली गुहागरची मुलगी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "ही तर आमचीच वाट आहे."

गाव रबाईपासून थोडं आत आहे. तिथल्या लोकांना विचारलेलं नाही, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. आमची राहायची सोय दोघा-दोघांनी घरोघरी होती. मी आणि गुहागरची, मंडळीतल्या मदर्स युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या संघटनेच्या, खजिनदार बाईंकडे. स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, आईला मामा म्हणतात. तिची मुलं "मामा, मामा" म्हणत तिच्या पदराला, म्हणजे तिच्या लेसोला, लोंबकळायची, आणि आम्हाला दोन दिवस ते कानाला वेगळं वाटत राहिलं. घराच्या भिंती कुडाच्या, लाल मातीने लिंपलेल्या, आणि वर नारळाच्या विणलेल्या झापांचं छप्पर. तिथे त्याला मकुती म्हणतात.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळी मामाची सासू ओसरीवर बसलेली होती. मित्राने शिकवलं होतं तसं मी वाकून म्हटलं, "शिकामू." आजीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माराहाबा." शिकामू म्हणजे मी तुमचे पाय धरते. आपण पाया पडते म्हणतो तेच. वडीलधाऱ्याला भेटलं की आधी हे, मग बाकीचं बोलणं. हे शब्द मी त्या आठ दिवसांत सगळ्यात जास्त वेळा उच्चारले असतील.

बाकीच्या शब्दांनीही फार जवळीक केली. टेबल ते मेझा, साबण तो साबुनी, पैसा तो पेसा, गाडी ती गारी, दुकान ते दुका, औषध ते दावा. चहा आणि चपातीला तर चाय आणि चपातीच. अरबांची गलबतं, आपले व्यापारी, शतकानुशतकांची ये-जा, ती सगळी या शब्दांतून अजून चालू आहे.

वेळेचा मात्र घोळ झाला. "साआ तातू"ला चर्चच्या आवारात या, असं सांगितलं होतं. तातू म्हणजे तीन, म्हणून आम्ही दुपारच्या तीनची तयारी केली. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास आणि नऊ म्हणजे तिसरा. फुंडी, म्हणजे मिस्त्री, नऊपासून आमची वाट बघत होते. आम्ही साडेदहाला पोहोचलो. ते रागावले नाहीत, पण मला लाज वाटली. आपल्याकडेही घटका सूर्योदयापासूनच मोजत होते. आपण ते सोडून दिलं.

काम असं होतं. चर्चला लागून संडे स्कूलची इमारत आहे, तिच्यावर पत्रे. आठवड्यातून काही दिवस तिथे लहान मुलांची शाळाही भरते. पाणी बायका आणि मुली वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून डोक्यावर आणतात. जवळचा नळ कोरडा असला की दूरच्या नळावर जावं लागतं. मंडळीने स्वतःच्या पैशांनी पाच हजार लिटरची काळी टाकी आणून चौथऱ्यावर बसवली होती. पन्हळ, नळी, गाळणी आणि नळ यांना पैसे उरले नव्हते. ते आमच्याकडून.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. छप्पर बारा मीटर बाय आठ मीटर. म्हणजे दहा मिलिमीटरची एक सर आली तर साडेनऊशे लिटर, गळती-उडती धरली तरी आठशेच्या घरात. चाळीस कॅन. चाळीस वेळा कोणीतरी डोक्यावर वीस किलो घेऊन चालायचं वाचलं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं तेही याचसाठी: ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे वुली, म्हणजे छोटा पावसाळा.

संध्याकाळी एक गोष्ट झाली, ती लिहायलाच हवी. आम्ही दोन मोठ्या बॅगा भरून जुने कपडे नेले होते, धुऊन, इस्त्री करून, मनापासून. रविवारी उपासनेनंतर मुलांना वाटायचे असा विचार. तिथल्या पाळकसाहेबांनी बॅगा बघितल्या आणि जरा थांबून म्हणाले, "आमच्या मुलांना परक्याच्या हातातून दारात उभं राहून घ्यायची सवय लागू नये असं मला वाटतं. तुम्हाला चालेल का, मदर्स युनियनकडे दिले तर? त्या ठरवतील." मग त्यांनी हेही सांगितलं की परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांना तिथे मितुंबा म्हणतात, त्यांचा बाजार इतका मोठा आहे की गावातल्या शिंप्याकडे आता फक्त शाळेचे गणवेश उरलेत. त्यांच्या आवाजात कुठेही दोष नव्हता. बॅगा मामाच्या घरी गेल्या. रात्री प्रार्थनेला बसलो तेव्हा आमच्यापैकी कोणालाच पहिला शब्द सुचेना. शेवटी बाईंनी सुरुवात केली.

चौथा दिवस, रविवार

"ब्वाना असिफिवे!" वेदीजवळून आवाज आला आणि सगळं चर्च म्हणालं, "आमेन!" प्रभूची स्तुती असो. हे दर दहा मिनिटांनी. कोणी साक्ष द्यायला उठलं की आधी हे, सूचना वाचायच्या आधी हे, मुलं दंगा करायला लागली तरी हेच.

उपासना साडेतीन तास चालली आणि मला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही. क्रम आमच्याच उपासनेसारखा असल्यामुळे भाषा कळत नसतानाही आपण कुठे आहोत ते कळत होतं. पापांगीकार आला की कळलं, शांती द्यायची वेळ आली की कळलं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, "बाबा येतू". आमच्या बाबा. पुढचं आम्ही मराठीत म्हटलं आणि ते स्वाहिलीत, आणि शेवटचं आमेन एकत्र पडलं.

आम्ही ढोलकी आणि टाळ नेले होते. एक अभंगाच्या चालीचं ख्रिस्ती भजन म्हटलं. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांवरच्या बायका उभ्या राहिल्या, त्यांचा कायांबा आला (बोरूच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, दोन्ही हातांनी हलवायची) आणि ठेका जमला. मग उलुलूचा, म्हणजे बायका आनंदाने जीभ हलवत काढतात तो, आवाज उठला. ढोलकी वाजवणारा आमचा पोरगा घरी गेल्यावरही बराच वेळ बोलत नव्हता.

दानाच्या वेळी मला खरं घर आठवलं. ज्यांच्याकडे रोख नव्हतं त्यांनी कोंबडी, नारळ, मका, राताळी आणली होती. उपासना संपल्यावर बाहेर आंब्याखाली त्यांचा लिलाव. आमच्याकडे कापणीच्या सणाला हेच चालतं: कोणी भोपळा आणतो, कोणी अंडी, आणि दहा रुपयांचा भोपळा तीनशेला जातो कारण बोली लावणाऱ्यालाही ते दानच असतं. आमच्या बाईंनी तीन नारळ बोली लावून घेतले आणि तिथल्या तिथे परत दानात दिले. पुन्हा त्यांचा लिलाव झाला. हे तीनदा झालं. सगळं आवार हसत होतं.

पाचवा दिवस, सोमवार

सकाळी आठपासून पन्हळ. फुंडी पंचावन्नच्या पुढचे असतील, बारीक अंगाचे, बोलणं कमी. आमच्यात दोन इंजिनियर. त्यांनी लेसर पाणसळ आणली होती. फुंडींकडे एक पारदर्शक नळी, पाणी भरलेली, आणि एक दोरी.

वाद असा झाला की आमच्या मुलांनी पन्हळीला फारच कमी उतार धरला, जवळजवळ सरळच, कारण पत्र्याच्या कडेला ती समांतर दिसत होती. फुंडींनी दोनदा दोरी लावून दाखवलं की टाकीच्या बाजूला अजून खाली हवी. दुसऱ्यांदा त्यांनी नळी हातात धरून बोटाने पाण्याची रेघ दाखवली. आमच्यातला एक म्हणाला, "अंकल, कॅल्क्युलेशन बरोबर आहे." फुंडींनी खांदे उडवले नाहीत, वाद घातला नाही. "सावा," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि शिडी धरून उभे राहिले. मी खाली खिळे देत होते. मी ती रेघ बघितली होती. तरी मी काही बोलले नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीस टक्के काम झालं आणि आम्ही खूश होतो.

सहावा दिवस, मंगळवार

दुपारी दोनला आभाळ भरलं. वुलीचा पाऊस आपल्या वळवासारखा येतो, आधी मातीचा वास, मग एकदम. उरलेली पन्हळ सकाळी बसवून झाली होती, फक्त गाळणी बाकी होती. सगळे व्हरांड्यात जमले, मुलं, बायका, आजी, टाकीत पहिलं पाणी पडताना बघायला.

पाणी आलं, आणि पन्हळीच्या मधोमध तुंबलं. कडेवरून धारच्या धार खाली, थेट संडे स्कूलच्या पायरीवर. टाकीत जी करंगळीएवढी धार पडत होती तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. वीस मिनिटं आम्ही तिथे उभे होतो. एका बाईने आपला पिवळा कॅन त्या गळणाऱ्या धारेखाली ठेवला. तो भरला की दुसरीने ठेवला. बोलत कोणीच नव्हतं.

पाऊस थांबल्यावर आमचा इंजिनियर मुलगा फुंडींकडे गेला. त्याने शिकामू म्हटलं. फुंडी म्हणाले, "पोले." या शब्दाला मराठीत एक शब्द नाही. ठेच लागली तरी पोले, घरात मौत झाली तरी पोले. तुझ्या दुःखाची मला जाणीव आहे, एवढा त्याचा अर्थ. मग ते दोघं शिडी घेऊन गेले आणि खिळे काढायला लागले.

पाळकसाहेबांचं ते पहिल्या पानावरचं वाक्य मी त्या रात्री पुन्हा वाचलं.

सातवा दिवस, बुधवार

पन्हळ पुन्हा बसवली, फुंडींच्या दोरीने. उतार साधारण दर दोन मीटरला दीड सेंटिमीटर. पहिल्या पावसाचं पाणी पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण घेऊन येतं, म्हणून टाकीच्या आधी एक उभी नळी जोडली. पहिलं घाण पाणी तिच्यात भरतं, ती भरली की मगच स्वच्छ पाणी टाकीकडे वळतं. खालचं झाकण उघडून ती प्रत्येक पावसानंतर रिकामी करायची. ते काम शाळेतल्या सहावीतल्या मुलींनी मागून घेतलं.

पुरुष मंडळी कामात असताना मी दुपार मामाच्या स्वयंपाकघरात काढली. नारळ खवायला तिथे जी वस्तू असते तिला म्बुझी म्हणतात. म्बुझी म्हणजे बकरी. घडीचा लाकडी पाट, त्याच्या पुढे लोखंडी पातं, दातेरी, जिभेसारखं बाहेर आलेलं. पाटावर बसायचं आणि वाटी पात्यावर फिरवायची. गुहागरची मुलगी काही न विचारता बसली आणि खवायला लागली, मनगट तसंच फिरत होतं जसं तिच्या आजीचं फिरत असेल. मामा कंबरेवर हात ठेवून बघत राहिली, मग बाहेर जाऊन दोन शेजारणींना बोलावून आणलं. खवलेला चव विणलेल्या लांबट पिशवीत पिळायचा, पहिलं दूध घट्ट, ते बाजूला ठेवायचं, दुसरं पातळ. पातळ दुधात शिजल्या म्बाझी. मी झाकण उघडलं तर तूर. डाळ नाही, सबंध दाणे. शेवटी घट्ट दूध घालून उतरवायचं, नाहीतर फुटतं. बरोबर महाम्री, नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या वेलदोडा घातलेल्या फुगीर पुऱ्या, त्या पलीकडच्या मुस्लिम शेजारणीने तळून पाठवल्या होत्या. पालेभाजी होती ती म्चिचा, म्हणजे आपला माठ.

आजीला खाताना मी विचारलं की तुम्हाला शरणपूर, नासिक हे शब्द माहीत आहेत का. मित्राने भाषांतर केलं. ती बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या तोंडी नासिक होतं. मला वाटायचं ते मोठ्या माणसांच्या शाळेचं नाव आहे." पुढे काही विचारलं नाही मी. तिनेच नंतर माझा हात धरून तो मापून बघितल्यासारखा दाबला आणि म्हणाली, "म्हणजे ते गाव आहे. आणि तिथे पोरी आहेत."

आठवा दिवस, गुरुवार

सकाळी रबाई. मिशनरी योहान लुडविग क्राफ १८४४ साली मोंबासाला आले आणि दोनच महिन्यांत त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी तापाने गेली. तरी ते राहिले. १८४६ साली ते आणि योहानेस रेबमान या टेकडीवर आले. रेबमान यांनीच १८४८ साली किलिमांजारोवरचा बर्फ बघून युरोपला कळवला आणि तिकडे कोणी विश्वास ठेवला नाही. टेकडीवर जुनं चर्च, जवळ संग्रहालय, आणि पलीकडे दाट झाडांचा कडा: तो काया, इथल्या किनाऱ्यावरच्या मिजिकेंडा लोकांच्या पूर्वजांचं पवित्र रान. २००८ पासून अशी काही रानं जागतिक वारशात आहेत. वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून आत जायचं नसतं. आम्ही परवानगी मागितली नव्हती, म्हणून बाहेरूनच बघितलं. देवराईतून वाळकी काटकीही उचलायची नाही हे आम्हाला घरूनच ठाऊक होतं.

इथल्या आवारात मला विल्यम जोन्स भेटले, म्हणजे त्यांची गोष्ट भेटली. गुलामगिरीतून सुटून शरणपूरला वाढलेला माणूस, पुढे रबाईच्या मंडळीचा पाळक. मालकांकडून पळून आलेले गुलाम १८८०च्या दशकात रबाईला आसरा घ्यायला यायचे आणि जोन्स त्यांना परत पाठवायला तयार नसत. मिशनमधल्या गोऱ्या वरिष्ठांना भीती वाटायची की त्यामुळे किनाऱ्यावर दंगल होईल. शेवटी १ जानेवारी १८८९ला इंग्रजांच्या कंपनीने मालकांना भरपाई देऊन सुमारे चौदाशे जणांना मुक्तीचे कागद दिले. शरण आलेल्याला पाठ दाखवायची नाही, हे जोन्सना कोणी शिकवावं लागलं नसणार. त्यांचं सगळं बालपणच त्या नावाच्या गावात गेलं होतं.

दुपारी मोंबासाला खाली उतरलो, फ्रेअरटाउनची घंटा बघायला. रस्त्याच्या चौकात एक छोटी कमान आणि तिच्यात घंटा, आजूबाजूला टुकटुक रिक्षा, फळवाले, पेट्रोलचा धूर. गुलाम पकडणारे आले की ती वाजवायचे. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात, म्हणून त्या चौकाचंच नाव केंगेलेनी पडलंय. ज्यांच्या नावाने वस्ती ते सर बार्टल फ्रेअर मुंबईचे गव्हर्नर होते.

पाळकसाहेबांनी तिथे उभ्याउभ्याच जेकब वेनराइटचं सांगितलं. शरणपूरला शिकलेला मुलगा. १८७३च्या मे महिन्यात आजच्या झांबियात आफ्रिकाभर फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा तो तिथे होता. त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, जेकबने दफनाची उपासना वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरली. मग त्या मंडळींनी देह कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबे चर्चमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. त्याच काफिल्यातला मॅथ्यू वेलिंग्टन, तोही नासिकचाच, मोंबासालाच राहिला आणि १९३५ साली इथेच वारला. माझे पणजोबा तेव्हा नाशिकला जिवंत होते. म्हणजे हे काही फार लांबचं नाही.

टुकटुकचे हॉर्न वाजत होते. आम्ही अकरा जणांनी आणि मित्राने हात धरले आणि मराठीत प्रार्थना केली. फळवाल्या बाईने आपली टोपली बाजूला सरकवून आम्हाला उभं राहायला जागा करून दिली.

परत गावात आलो तेव्हा अंधार पडला होता आणि चर्चच्या आवारात कंदील हलत होते. आम्ही नसताना तासभर सर येऊन गेली होती. फुंडी टाकीजवळ उभे होते. त्यांनी मला जवळ बोलावलं, टाकीवर बोटाने टिचकी मारत वर वर गेले. डब, डब, डब, मग एका जागी आवाज बदलला. त्या जागेवर त्यांनी खडूने रेघ ओढली.

नववा दिवस, शुक्रवार

निघताना फार वेळ नव्हता. मामाने एका कापडात म्बुझीचं नुसतं पातं गुंडाळून गुहागरच्या मुलीला दिलं. पाट तिकडे करून घे म्हणाली. ते सामानात टाकायचं, हातात नाही, हे बाईंनी तिला चार वेळा सांगितलं. कपड्यांच्या बॅगांचं काय झालं ते मी विचारलं नाही, पण मामाने सांगितलं: मोठ्यांचे कपडे त्या विकणार आहेत, येणाऱ्या पैशांतून शिंप्याकडून सहा मुलांचे गणवेश.

मुलांच्या नावांची यादी माझ्या वहीत आहे, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. त्यांच्याही फळ्यावर आमची अकरा नावं आहेत, देवनागरीत, कारण त्यांनी तशीच मागितली. आमच्या मंडळीत आता दर रविवारी त्यातली दोन नावं मोठ्याने वाचून प्रार्थना होते. पहिल्या रविवारी उच्चार चुकले. मित्र मागच्या बाकावरून दुरुस्त करत होता.

गेल्या आठवड्यात त्याला घरून फोन आला. टाकी दोनदा भरून वाहिली. मग नळावर गर्दी व्हायला लागली, तेव्हा मंडळीची सभा बसली आणि ठरलं: घरटी रोज दोन कॅन, ज्या घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तिथे तीन. नळाला कुलूप लावलंय. एक किल्ली मदर्स युनियनकडे, दुसरी फुंडींकडे.